नाटकाची जाहिरात वाचण्याआधी पाहावी कशी

वृत्तपत्रातील नाटकांच्या जाहिरातींचे पान आपण बहुधा प्रयोग कुठे आणि किती वाजता आहे, एवढेच जाणून घेण्यासाठी उघडतो. शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन, बालगंधर्व रंगमंदिर अशी नावे शोधत नजर खाली उतरते आणि त्या छोट्या चौकटींत कुणीतरी मन लावून केलेले काम न पाहताच पान उलटले जाते. मराठी जाहिरातकलेतील काही फार चांगले काम याच पानावर झाले आहे. ते पाहण्यासाठी चित्रकलेचे शिक्षण लागत नाही, पाहण्याचा क्रम तेवढा बदलावा लागतो.

प्रथम कागद उलटा धरावा. मजकूर सहज वाचता येईनासा झाला की काळ्या-पांढऱ्याची मांडणी दिसू लागते: वजन कुठे पडले आहे, कोरी जागा कुठे राखली आहे, शेजारच्या चौकटींमधून एखादीच का उठून दिसते. ही जागा सेंटिमीटरच्या हिशेबाने विकत घ्यावी लागत असल्यामुळे ती मजकुराने भरून टाकण्याचा मोह मोठा असतो. तरीही ज्याने शीर्षकाभोवती मोकळीक ठेवली, त्याने ती विचारपूर्वक ठेवलेली असते.

मग कागद सुलटा करून शीर्षकावर थांबावे, आणि येथे घाई करू नये. २०२० मध्ये निधन पावलेले कमल शेडगे यांनी अनेक दशके नाटकांची शीर्षके हाताने रेखाटली आणि अक्षरांच्या वळणावरूनच नाटकाची जात ओळखता यावी, अशी अपेक्षा मराठी प्रेक्षकाच्या मनात रुजवली. म्हणून आधी शिरोरेषा पाहावी: ती सलग आहे, तुटक आहे, की काढूनच टाकली आहे? ऐतिहासिक नाटकाच्या शीर्षकात बोरूच्या तिरक्या कापाची आठवण देणारे जाड-बारीक फटकारे असतील; फार्सच्या शीर्षकात अक्षरे एका रेषेत उभी राहायला तयार नसतील. वेलांट्या, मात्रा, रफार आणि उकार हे देवनागरीचे खरे अवघड काम आहे, कारण ते ओळीच्या वर आणि खाली जागा मागतात. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतील दोन अक्षरांमधल्या फटीत नेमका उतरवलेला दिसला, तर समजावे की ही शब्दरचना आयत्या टंकातून उचललेली नसून तेवढ्याच शब्दांसाठी घडवलेली आहे. शीर्षक लांब असेल तर कोणता शब्द मोठा केला आणि कोणता ‘आणि’ किंवा ‘मी’ कोपऱ्यात बसवला, हेही पाहावे. नाटकाकडे कसे पाहायचे, याचा पहिला संकेत तिथे मिळतो. नटांची छायाचित्रे तळहाताने झाकून उरलेले शीर्षक एकटे उभे राहते का, ही माझ्या मते सर्वांत कडक परीक्षा आहे.

यानंतर भिंग घ्यावे. वृत्तपत्राचा कागद शाई शोषून घेतो, त्यामुळे रेषा छापताना थोड्या फुगतात आणि काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांच्या बारीक रेषा बुजतात. जाणकार कलाकार हे गृहीत धरूनच अक्षरांना पुरेशी जाडी देतो. रंगीत जाहिरात चार शाया एकावर एक छापून तयार होते आणि एखादी शाई किंचित सरकली की कडेला रंगीत सावली दिसते. म्हणून तारीख, वेळ आणि तिकीटविक्रीचा बारीक मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवणे, ही समजूतदार कारागिरीची खूण आहे.

एकाच नाटकाची कात्रणे मागे तारीख लिहून जपून ठेवावीत. शुभारंभाच्या वेळची ऐसपैस जाहिरात पुढे अनेकदा एका कॉलमात आक्रसते, छायाचित्रे गळतात, कलावंतांची नावे लहान होतात. दोन्ही कात्रणे शेजारी ठेवून त्या आकारातही शीर्षकाचे वळण, वजन आणि स्वभाव टिकला आहे का, हे तपासावे.