पावसाळ्यातील कासदाह : दूध साफ दिसले म्हणून ट्यूब थांबवू नका

संततधार लागली की गोठ्याची जमीन सुकत नाही, गाय ओल्या शेणातच बसते आणि आषाढ-श्रावणात संकरित गाईंमध्ये कासदाह, म्हणजेच दगडी, वाढते. मात्र सड कायमचा निकामी होतो तो केवळ चिखलामुळे नव्हे. मी पाहिलेल्या बहुतेक गोठ्यांत एकच क्रम दिसतो : सडात सोडायच्या औषधाच्या सुरुवातीच्या एक-दोन ट्यूबनंतर दुधातल्या गाठी जातात, दूध पांढरे दिसू लागते, उरलेल्या ट्यूब फळीवर ठेवल्या जातात, दूध संकलन केंद्रावर जाऊ लागते आणि काही आठवड्यांनी तोच सड पुन्हा सुजतो. अशा खेपा होत गेल्या की त्या सडातले दूध संपते आणि दोष औषधाला दिला जातो.

औषध नेमके काय करते हे समजून घेतले तर ही चूक किती महाग पडते ते लक्षात येईल. जीवाणूच्या पेशीभोवती साखरेच्या साखळ्या आणि प्रथिनांचे छोटे तुकडे यांनी विणलेली एक भक्कम भिंत असते. तिचे टाके घालणारी एन्झाइम (पेशीतली रासायनिक कामे घडवणारी प्रथिने) वेगळी असतात आणि जीवाणू वाढताना जागा व्हावी म्हणून जुने टाके कापणारी एन्झाइम वेगळी असतात. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन आणि सेफ (सेफॅलोस्पोरिन) कुळातील औषधे टाके घालणाऱ्या एन्झाइमला चिकटून त्याला निकामी करतात. कापणारी एन्झाइम मात्र आपले काम करीत राहतात, भिंत विरळ होते आणि आतल्या दाबाने जीवाणू फुटतो. म्हणजे जो जीवाणू त्या वेळी वाढत असेल, भिंत बांधत असेल, तोच मरतो. जो स्वस्थ पडून आहे त्याला हे औषध फारसे काही करीत नाही.

म्हणूनच औषधाची मात्रा एकदाच जास्त देऊन भागत नाही. ते कासेत सलग टिकावे लागते. प्रत्येक धारेबरोबर ते बाहेर निघून जाते, त्यामुळे बारा तासांनी ट्यूब सांगितली असेल तर प्रत्येक धारेनंतर, सड पूर्ण मोकळा करून, ती सोडावीच लागते. संध्याकाळची ट्यूब चुकली तर रात्रभर उरलेले जीवाणू पुन्हा वाढतात. त्यातही स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू कासेच्या पेशींच्या आत आणि गाठींच्या कडेला दडून बसतो, जिथे ही औषधे नीट पोहोचत नाहीत. दूध साफ दिसते तेव्हा तो संपलेला नसतो. पशुवैद्यकांनी तीन दिवस सांगितले असतील तर तीन, पाच सांगितले असतील तर पाच दिवस पूर्ण करावेत.

आता दुकानातील महागड्या इंजेक्शनांविषयी. अनेक जीवाणू पेनिसिलिनच तोडून टाकणारे एन्झाइम तयार करतात. त्याची नोंद अब्राहम आणि चेन या संशोधकांनी 1940 मध्येच, म्हणजे हे औषध सर्वत्र वापरात येण्यापूर्वीच, केली होती. त्यावर उतारा म्हणून सल्बॅक्टम, टॅझोबॅक्टम किंवा क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल जोडलेली औषधे निघाली. ती उपयोगी आहेत. परंतु गाय न पाहता, दूध न तपासता, दुकानदार पहिल्याच दिवशी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन-टॅझोबॅक्टम हातात ठेवतो तेव्हा त्यात गाईपेक्षा नफ्याचा विचार अधिक असतो. दूध पाण्यासारखे पातळ, गाय तापलेली आणि खाणे बंद, अशी स्थिती असेल तर बहुधा ई. कोलाय हा जीवाणू असतो, त्याच्या भिंतीवर आणखी एक बाह्य आवरण असल्याने साधे पेनिसिलिन आत शिरत नाही, आणि अशा वेळी दुकानात नव्हे, त्याच तासाला पशुवैद्यकांकडे जावे. मायकोप्लाझ्मा या जीवाणूला तर भिंतच नसते; तिथे या कुळातले सर्वांत महाग औषधही पाण्यात गेल्यासारखेच. ‘एन्झाइम’ असे ठळक छापलेल्या गोळ्याही खपवल्या जातात. त्यांतील सेरॅशिओपेप्टिडेज हे सुजेसाठी दिले जाते, ते जीवाणूची भिंत फोडत नाही.

भिंत खरोखर फोडणारी एन्झाइम आहेत. अश्रूंतील आणि अंड्याच्या पांढऱ्या भागातील लायसोझाइमचे वर्णन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये केले. गाईच्या दुधात ते फारच थोडे असते. स्टॅफिलोकोकसची भिंत कापणारे लायसोस्टॅफिन दुधात तयार करणाऱ्या जर्सी गाई अमेरिकेतील संशोधकांनी तयार केल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या गोठ्यात तूर्त त्याचा उपयोग नाही.

या हंगामातील नेहमीची कामे :
- धारेपूर्वी पहिल्या दोन-तीन चिळा काळ्या कपड्यावर किंवा कपात पाहणे.
- कास धुण्यासाठी 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट. नंतर कोरडी पुसणे.
- धारेनंतर सड 0.5 टक्के उपलब्ध आयोडीनच्या द्रावणात बुडवणे (बाजारातील 5 टक्के पोव्हिडोन आयोडीनमध्ये तेवढेच असते), त्यात थोडे ग्लिसरीन.
- धारेनंतर लगेच वैरण टाकणे, म्हणजे सडाचे तोंड मिटेपर्यंत गाय अर्धा-पाऊण तास उभी राहते.
- दर पंधरा दिवसांनी प्रत्येक सडाची चाचणी : 100 मि.लि. पाण्यात 3 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर, त्या द्रावणाइतकेच दूध. घट्ट झाले तर सुप्त, म्हणजे बाहेरून न दिसणारा, कासदाह.
- बाधित गाईची धार सर्वांत शेवटी.

कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सुचवते. तो दिवसातून अनेकदा लावावा, परंतु ट्यूबच्या जागी नव्हे. मागच्या सडांना त्रास अधिक होतो, आणि माझा अंदाज असा की छप्पर गळते त्या बाजूच्या गाईला तो आधी होतो. दोन पत्रे बदलणे एका इंजेक्शनच्या पेटीपेक्षा स्वस्त पडावे.

जुनाट सडासाठी उत्तम वेळ गाय आटवण्याची असते, कारण धार थांबल्याने औषध आठवडेच्या आठवडे आत टिकते. विण्यापूर्वी साधारण 60 दिवस, शेवटच्या धारेनंतर, पशुवैद्यकांच्या सल्ल्याने भाकड काळाची ट्यूब सोडावी.

उपचार चालू असताना आणि वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत दूध केंद्रावर घालू नये. विरजणातील जीवाणूंची भिंतही त्याच प्रकारच्या एन्झाइमवर उभी असते, म्हणून अशा दुधाचे दही लागत नाही. उकळून औषध पुरते जात नाही. ते दूध वासरालाही पाजू नये.

दुसऱ्यांदा दगडी आली तर पहिली ट्यूब सोडण्यापूर्वी नमुना घ्यावा. सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, सुरुवातीच्या चिळा टाकून, निर्जंतुक बाटलीत दूध धरावे आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावे. बाटलीवर गाय, सड, तारीख आणि आधी दिलेले औषध लिहावे.