जून-जुलैमधल्या जगभरच्या राष्ट्रीय दिवसांचं कॅलेंडर बिनचूक कसं बनवाल?

जून आणि जुलै हे दोन महिने राष्ट्रीय दिवसांनी गच्च भरलेले असतात. १ जुलै या एकाच तारखेला कॅनडा, रवांडा, बुरुंडी आणि सोमालिया यांचे राष्ट्रीय दिवस येतात. ५ जुलै अल्जेरिया, व्हेनेझुएला आणि केप व्हर्डे यांचा, २६ जुलै मालदीव आणि लायबेरियाचा. त्यात उत्तर युरोपातला मध्य-उन्हाळ्याचा सण आहे, संयुक्त राष्ट्रांचे जागतिक दिवस आहेत आणि ज्यांना सण म्हणणंच चूक ठरेल असे स्मरणदिनही आहेत. परदेशातल्या टीमबरोबर काम करणाऱ्यांना, शाळेचा फलक सांभाळणाऱ्यांना किंवा संस्थेच्या वतीने शुभेच्छांच्या पोस्ट टाकणाऱ्यांना याची यादी लागतेच. अशा याद्या बहुतेक वेळा एकाच कारणाने बिघडतात. त्यांत तारीख लिहिलेली असते, पण ती तारीख कशी ठरते ते लिहिलेलं नसतं. मग गेल्या वर्षीची यादी उचलून यंदा चिकटवली की चुका सुरू होतात.

रकाने आधी ठरवा

स्प्रेडशीटमध्ये आठ रकाने करा: देश किंवा प्रांत, दिवसाचं नाव, मूळ घटना आणि तिचं वर्ष, तारखेचा नियम, यंदाची तारीख, सुट्टी कोणाला, सूर (आनंदाचा, शोकाचा की मिश्र), आणि शेवटी माहिती कुठे व कधी तपासली ते. चौथा, सहावा आणि सातवा हे रकाने भरायचा कंटाळा केला जातो, आणि खरी किंमत नेमकी त्यांनाच असते.

उदाहरणार्थ, स्वीडनची एक ओळ अशी भरेल. दिवस: मिडसमर ईव्ह (मध्य-उन्हाळ्याच्या सणाची पूर्वसंध्या). नियम: १९ ते २५ जून यांच्यात येणारा शुक्रवार, १९५३ पासून. २०२६ ची तारीख: १९ जून. सुट्टी: कायद्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत शनिवारचा मिडसमर डे आहे, शुक्रवार नाही, तरीही ऑफिसं शुक्रवारीच बंद असतात. सूर: आनंदाचा. आता या ओळीत नुसतं ‘१९ जून’ लिहिलं असतं, तर पुढच्या वर्षी ती ओळ चुकली असती. सरकारी यादी बघून नुसतं ‘शनिवारी सुट्टी’ लिहिलं असतं, तर शुक्रवारची मीटिंग ठेवून कोणीच आलं नसतं.

तारखेचा नियम नीट ओळखा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. नियम साधारण पाच प्रकारचे असतात.

पहिला, पक्की तारीख. फ्रान्सचा १४ जुलै, बेल्जियमचा २१ जुलै (१८३१ साली पहिला राजा लिओपोल्ड याने घेतलेली शपथ), आइसलँडचा १७ जून. हे दिवस हलत नाहीत. रविवारी आले तर फ्रान्स आणि आइसलँडमध्ये सुट्टी बुडते, बेल्जियममध्ये बदली दिवस द्यावा लागतो. फ्रान्समध्ये मात्र १४ जुलै मंगळवारी किंवा गुरुवारी आला की मधला सोमवार किंवा शुक्रवार रजा टाकून जोडून घेण्याची पद्धत आहे. २०२६ मध्ये १४ जुलैला मंगळवार आहे, म्हणजे १३ जुलैला तिथल्या अनेक ऑफिसांत फोन उचलायला माणूस भेटणं अवघड. ही रजा कोणत्याही सरकारी यादीत दिसणार नाही. ती तुम्हालाच नोंदवावी लागेल.

दुसरा, तारीख पक्की पण सुट्टी सरकणारी. अमेरिकेत ४ जुलै शनिवारी आला तर केंद्र सरकारच्या ऑफिसांना शुक्रवारी सुट्टी, रविवारी आला तर सोमवारी. २०२६ मध्ये ४ जुलैला शनिवार आहे, त्यामुळे ऑफिसं ३ जुलैला बंद आणि आतषबाजी ४ ला. दक्षिण आफ्रिकेचा १६ जूनचा युवा दिन रविवारी आला तरच सोमवारी सरकतो, शनिवारी आला तर काहीच मिळत नाही. कॅनडात १ जुलै रविवारी आला की कायद्याने सुट्टी २ जुलैला जाते. हे २०२९ मध्ये होईल. उत्तर आयर्लंडचा १२ जुलै २०२६ मध्ये रविवारी येतो, म्हणून सुट्टी सोमवारी १३ तारखेला. म्हणजे एका दिवसाला दोन तारखा असू शकतात, सोहळ्याची वेगळी आणि बंद ऑफिसाची वेगळी. दोन्ही लिहा.

तिसरा, महिन्यातला अमुक वार. जपानचा सागर दिन जुलैचा तिसरा सोमवार, झांबियाचे वीर दिन आणि एकता दिन जुलैचा पहिला सोमवार आणि त्यापुढचा मंगळवार. इथे एक सोपी तपासणी आहे: पहिला सोमवार नेहमी १ ते ७ च्या आत, दुसरा ८ ते १४, तिसरा १५ ते २१. काढलेली तारीख या कप्प्यात बसत नसेल तर मोजणी चुकली आहे. महिना सोमवारीच सुरू झाला की ही चूक हमखास होते. स्वीडनसारख्या ‘१९ ते २५ मधला शुक्रवार’ या नियमासाठी २५ जूनपासून उलटं मोजा आणि जो पहिला शुक्रवार लागेल तो घ्या. २५ लाच शुक्रवार असेल तर तोच. फिनलंडचा योहानुस हाही असाच, २० ते २६ जूनमधला शनिवार.

कोलंबियात या प्रकाराचा एक उपप्रकार आहे. तिथे बऱ्याच धार्मिक सुट्ट्या पुढच्या सोमवारी ढकलतात, पण २० जुलैचा स्वातंत्र्यदिन जागचा हलत नाही. संत पीटर आणि संत पॉल यांचा २९ जून २०२७ मध्ये मंगळवारी येतो, त्यामुळे त्याची सुट्टी थेट ५ जुलैला. एका देशाला एकच नियम लावून मोकळं होता येत नाही, ते यासाठी.

चौथा, चंद्रावर चालणारे दिवस. चीनमधला ड्रॅगन बोट सण चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी असतो. २०२६ मध्ये तो १९ जूनला आहे. चीनमध्ये दर वर्षी सरकारी परिपत्रक निघतं आणि मोठ्या सुट्टीच्या बदल्यात कधी कधी शनिवार-रविवारी कामही ठेवलं जातं, म्हणून ते परिपत्रक बघितल्याशिवाय ओळ पूर्ण धरू नका. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे आशुरा (मोहरमचा दहावा दिवस) दर वर्षी तेवढा मागे येतो. त्यात चंद्रदर्शनावर एक दिवस इकडे-तिकडे होतो, तेव्हा तारखेपुढे ‘एक दिवस पुढे-मागे’ असं लिहाच. न्यूझीलंडचा मातारिकी (माओरी नववर्ष) हाही चांद्र पंचांगावर चालतो, पण त्याच्या तारखा २०५२ पर्यंत कायद्यातच छापलेल्या आहेत. २०२५ मध्ये तो २० जूनला होता, २०२६ मध्ये १० जुलैला आहे. तिथे गणित करू नका, यादी उतरवून घ्या.

पाचवा, अयनदिनावर (सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत लहान दिवसावर) बेतलेले दिवस. चिलीचा मूलनिवासी लोकांचा दिवस तिथल्या हिवाळी अयनदिनाला असतो, म्हणून तो कधी २० जून तर कधी २१. अयनाचा क्षण साऱ्या जगासाठी एकच असतो, पण तारीख नाही. २०२४ मध्ये तो २० जूनला ग्रीनिचच्या वेळेने २०:५१ ला आला. टोकियोत तेव्हा २१ जूनची पहाट होती. म्हणून ‘सर्वांत मोठा दिवस २१ जून’ असं सरसकट छापू नका. मिडसमरचा सण आणि अयनदिन यांचीही गल्लत होते. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनियात मुख्य दिवस २४ जून, म्हणजे संत जॉनचा दिवस, आणि तो अयनापासून तीन-चार दिवस पुढे असतो.

सुट्टी नक्की कोणाला?

‘राष्ट्रीय दिवस’ आणि ‘सार्वजनिक सुट्टी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २३ जूनच्या संध्याकाळी डेन्मार्कभर होळ्या पेटतात, पण तो कामाचा दिवस असतो. एस्टोनियात २३ आणि २४ दोन्ही दिवस सुट्टी, त्यातला २३ जून १९१९ च्या लढाईतल्या विजयाचा. लिथुआनियात फक्त २४. २४ जूनला क्यूबेक बंद, उरलेला कॅनडा सुरू. कॅटलोनियात सुट्टी, पण संपूर्ण स्पेनमध्ये नाही. पोर्तुगालमध्ये पोर्तो शहराला सुट्टी, लिस्बनला नाही, कारण लिस्बनची १३ जूनला होऊन गेलेली असते. ऑस्ट्रेलियात राजाच्या वाढदिवसाची सुट्टी बहुतेक राज्यांत जूनच्या दुसऱ्या सोमवारी, क्वीन्सलंड आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मात्र थेट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे पहिल्या रकान्यात देश पुरत नाही, प्रांत किंवा शहरही लिहा.

संयुक्त राष्ट्रांचे दिवस (५ जून पर्यावरण, २० जून निर्वासित, २१ जून योग, ११ जुलै लोकसंख्या, १८ जुलै नेल्सन मंडेला) यांना सुट्टी नसते. त्यांची वेगळी शीट करा.

तारीख लिहिताना

जून-जुलै हे या बाबतीत सर्वांत धोक्याचे महिने. ७/६ म्हणजे ७ जून की ६ जुलै, हे प्रोग्रॅम त्याच्या सेटिंगनुसार ठरवतो. ७ जूनला माल्टाची सुट्टी असते आणि ६ जुलैला लिथुआनियाचा राज्यत्व दिन. दोन्ही तारखा खऱ्या असल्याने अदलाबदल झालेली डोळ्यांना खटकतही नाही. महिना अक्षरांत लिहा, किंवा २०२६-०७-०६ असा वर्ष-महिना-दिवस क्रम ठेवा आणि भरण्याआधीच त्या रकान्याचं फॉरमॅट ठरवून टाका. नंतर बदललं तर आधी चुकून उलटलेल्या तारखा तशाच राहतात.

कॅलेंडर ॲपमध्ये हे दिवस ‘ऑल डे’ म्हणूनच टाका. मध्यरात्री बारा ते पुढच्या मध्यरात्री बारा अशी वेळ दिली की दुसऱ्या टाइम झोनमधल्या माणसाला तो दिवस अर्धा आज, अर्धा काल असा दिसतो. फाइल आयात करत असाल तर आयसीएस (कॅलेंडर ॲपमध्ये नोंदी आणण्याच्या फाइलचा प्रकार) प्रकारात शेवटची तारीख धरली जात नाही हे लक्षात ठेवा. मंगोलियाचा नादाम हा सण ११ ते १५ जुलै दाखवायचा असेल तर शेवट १६ जुलै द्यावा लागतो, नाहीतर १५ तारीख गळते. सरकणाऱ्या सुट्ट्यांना ‘दर वर्षी पुन्हा’ हा पर्याय कधीही लावू नका.

सूर

शुभेच्छांच्या पोस्ट एकदम शेड्यूल करणाऱ्यांनी हा रकाना आधी बघावा. २२ जून हा रशिया आणि बेलारूसमध्ये १९४१ च्या आक्रमणाच्या स्मरणाचा दिवस आहे. २२ जुलैला नॉर्वे २०११ च्या हल्ल्यांतल्या ७७ मृतांची आठवण करतो. ११ जुलै हा स्रेब्रेनित्साच्या १९९५ च्या नरसंहाराच्या स्मरणाचा दिवस असून २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने तो आंतरराष्ट्रीय स्तरावर जाहीर केला. दक्षिण कोरियात ६ जूनला सकाळी दहा वाजता भोंगा वाजतो आणि लोक मिनिटभर स्तब्ध उभे राहतात. या दिवशी ‘शुभेच्छा’, फुगे आणि फटाक्यांची चित्रं चालत नाहीत. ‘स्मरण’ किंवा ‘अभिवादन’ लिहा, किंवा काहीच लिहू नका. उत्तर आयर्लंडच्या १२ जुलैला (१६९० ची बॉइनची लढाई) एक समाज मिरवणूक काढतो आणि दुसऱ्याला ती बोचते. तिथे फक्त सुट्टीची नोंद पुरे.

मिश्र सुराचं सगळ्यात ठळक उदाहरण न्यूफाउंडलँडचं. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या बोमाँ-हॅमेल इथे न्यूफाउंडलँडची पलटण जवळजवळ संपली. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला ६८ जण उभे होते. हा प्रांत १९४९ मध्ये कॅनडात आला, तेव्हा शोकाचा दिवस आणि देशाचा उत्सव एकाच तारखेवर पडले. तिथे सकाळी स्मारकापाशी श्रद्धांजली होते आणि कॅनडा डेचा उत्सव दुपारनंतर. तिथल्या लोकांना सकाळी आठ वाजता ‘हॅपी कॅनडा डे’ पाठवू नये.

चित्रांबाबत आणखी एक: अर्जेंटिना, बोलिव्हिया, चिली, न्यूझीलंड इथे हे महिने हिवाळ्याचे. अर्जेंटिनाच्या ९ जुलैला समुद्रकिनारा आणि आइस्क्रीम टाकलं की पोस्ट तयार करणाऱ्याने नकाशा पाहिला नाही हे लगेच कळतं.

घटना आणि आकडे

‘कितवा’ हे लिहिताना वर्षं पूर्ण झाली की दिवस मोजला, हे एकदा ठरवा. अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये २५० वर्षं पूर्ण होतात, पण १७७६ चा दिवस पहिला धरला तर तो २५१ वा दिवस. ‘इतकी वर्षं पूर्ण’ असं लिहिलं की वाद मिटतो. फ्रान्सच्या १४ जुलैसमोर फक्त १७८९ ची बॅस्टिलच्या तुरुंगावरची चाल लिहू नका. १८८० च्या कायद्यात कोणतंच वर्ष नाही, आणि १७९० चा एकीचा सोहळाही त्यात मोडतो, म्हणून दोन्ही वर्षं नोंदवा. लक्झेंबर्गच्या २३ जूनसमोर ‘राज्यकर्त्याचा अधिकृत वाढदिवस’ लिहा, खरा वाढदिवस नव्हे.

दर वर्षी काय तपासायचं

देश तारखा बदलतात. क्रोएशियाने राज्यत्व दिन २०२० पासून २५ जूनवरून ३० मेवर नेला. युक्रेनने आपला राज्यत्व दिन २०२३ मध्ये २८ जुलैवरून १५ जुलैवर आणला. जपानचा सागर दिन ऑलिम्पिकसाठी २०२० मध्ये २३ जुलैला आणि २०२१ मध्ये २२ जुलैला गेला, नंतर परत सोमवारी आला. जुन्या पुस्तकांत फिलिपिन्सचा स्वातंत्र्यदिन ४ जुलै सापडेल. १९६२ पासून तो १२ जून आहे. तेव्हा जानेवारीत एकदा पूर्ण यादी सरकारी राजपत्र किंवा कामगार खात्याच्या पानावरून ताडून घ्या, आणि मेच्या शेवटी फक्त चंद्रावर चालणाऱ्या व सुट्टी सरकणाऱ्या ओळी पुन्हा बघा. प्रत्येक ओळीत तपासल्याची तारीख टाका. ज्या ओळीला ती नाही, ती शेड्यूलमध्ये घेऊ नका.