लेझर लॉक करायला शिकताना

एमएस्सी होईपर्यंत मला वाटायचं, लेझर चालू केला की त्याची वारंवारता जागेवर राहते. पीएचडीच्या पहिल्याच महिन्यात हा गैरसमज गेला. आमचा ७८० नॅनोमीटरचा डायोड लेझर रुबिडियमच्या अणूंसाठी होता. त्याची वारंवारता ३८४ टेराहर्ट्झ, आणि अणू ज्या वारंवारतेला प्रकाश शोषतात ती रेषा जेमतेम ६ मेगाहर्ट्झ रुंद. एसी बंद-चालू झाला तरी लेझर रेषा सोडून भटकायचा.

त्याला लगाम घालण्यासाठी, म्हणजे रेषेवर लॉक करण्यासाठी, मला रेड पिटाया नावाचा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड मिळाला. तळहाताएवढा, सेकंदाला सिग्नलचे १२.५ कोटी नमुने घेणारा, १४ बिटचा. अणूंकडून येणाऱ्या एरर सिग्नलवरून लेझर किती आणि कुठल्या बाजूला सरकलाय ते कळतं, आणि बोर्डच्या एफपीजीए चिपमधला पीआयडी, म्हणजे चुकीवरून दुरुस्ती ठरवणारा नियंत्रक, पिझोला दुरुस्ती पाठवतो. पिझो म्हणजे व्होल्टेज दिलं की किंचित हलून लेझरची वारंवारता बदलणारा स्फटिक. ऐकायला सोपं. मी आठवडाभर पीआयडीमधले पी (चुकीच्या प्रमाणात दुरुस्ती) आणि आय (साठत गेलेल्या चुकीची दुरुस्ती) खालीवर करत बसलो. लॉक लागायचा, पण लेझर थरथरायचाच.

लॅबमधल्या ताईने एकच विचारलं, "जंपर बघितलास का?"

जंपर म्हणजे बोर्डच्या इनपुटची व्होल्टेज-मर्यादा ठरवणारी छोटी जोडणी, आणि तो ±२० व्होल्टवर होता! १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्या. ४० व्होल्टमध्ये वाटल्या तर एक पायरी जवळपास अडीच मिलिव्होल्टची. माझा सिग्नलच १०० मिलिव्होल्टचा, म्हणजे कशाबशा ४० पायऱ्या. जंपर ±१ व्होल्टवर आणला आणि त्याच सिग्नलला ८०० मिळाल्या. पीआयडी बिचारा निर्दोष होता.

तेव्हापासून मी आधी लूप उघडा ठेवून, म्हणजे दुरुस्ती बंद ठेवून, पिझो स्कॅन करतो आणि एरर सिग्नल डोळ्यांनी बघतो. मग दुरुस्तीचं चिन्ह तपासतो; ते उलटं असेल तर लेझर रेषेपासून लांब ढकलला जातो. इंटिग्रेटर, म्हणजे आय, सगळ्यात शेवटी, नाहीतर तो भरत भरत टोकाला जाऊन बसतो.

डिजिटल म्हणजे वेगवान, हा आणखी एक भ्रम. लूपमध्ये २०० नॅनोसेकंदांचा उशीर असेल तर १ मेगाहर्ट्झला ७२ अंशांची फेज तिथेच जाते, म्हणजे दुरुस्ती सिग्नलच्या तितकी मागे पडते. त्यामुळे लेझरच्या करंटची वेगवान दुरुस्ती आमच्याकडे अजून अ‍ॅनालॉगच आहे, आणि सावकाश सरकणं बोर्ड सांभाळतो.

पायथन येत असेल तर लेझर लॉक करणारं लिनिअन हे मोफत सॉफ्टवेअर चालवून बघा, पण हाताने दोन-चारदा लॉक लावल्यावरच. लेझर आणि आरशांमधली पोकळी एकमेकांशी लॉक करण्याची पाउंड-ड्रेव्हर-हॉल पद्धतही नीट शिका. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या ४ किलोमीटरच्या भुजा तिच्याच आधारावर लॉक होतात, आणि लायगो-इंडिया तर आपल्या हिंगोलीतच उभी राहणार आहे.