वाहतूक सुरक्षा मंडळाच्या सदस्याने काम कसे करावे

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळावर पाच सदस्य असतात. राष्ट्राध्यक्ष त्यांची नावे सुचवतात, सिनेट त्यांना मान्यता देते आणि त्यांपैकी तीनहून अधिक सदस्य एकाच पक्षाचे असू शकत नाहीत. रेल्वे किंवा विमान कंपन्यांसाठी नियम करण्याचा अधिकार या मंडळाला नाही. अपघाताचे संभाव्य कारण ठरवणे आणि शिफारशी करणे एवढेच त्याच्या हाती आहे. त्यामुळे मंडळाचा सारा प्रभाव त्याच्या विश्वासार्हतेवर टिकून असतो, हे नव्या सदस्याने आरंभीच ओळखावे.

मोठा अपघात झाला की पाळीवर असलेला सदस्य तपास पथकाबरोबर घटनास्थळी जातो. तपासाची सूत्रे तपास प्रमुखाकडेच राहू द्यावीत आणि आपण प्रवक्त्याचे काम करावे. जे मोजले, पाहिले वा नोंदवले गेले आहे तेवढेच सांगावे. ‘असे का झाले’ या प्रश्नावर कितीही आग्रह झाला तरी अंदाज वर्तवू नये. मृतांच्या नातेवाइकांना माहिती आधी द्यावी आणि पत्रकारांसमोर त्यानंतरच जावे. हा क्रम कधीही मोडू नये असे मला मनापासून वाटते. २०२५ मधील अहमदाबादच्या विमान अपघाताच्या तपासात हे मंडळ भारतीय यंत्रणेला साहाय्य करत असताना काही वृत्तांनी वैमानिकाकडे बोट दाखवले, तेव्हा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी ती वृत्ते घाईची आणि तर्कावर आधारलेली असल्याचे जाहीरपणे सांगितले. असा संयम अंगी बाणवावा लागतो.

खरी कसोटी तपास अहवालाचा मसुदा वाचताना लागते. निष्कर्ष वाचण्याआधी मुलाखती, ध्वनिमुद्रणाचा तपशील आणि देखभालीच्या नोंदी वाचाव्यात, म्हणजे पुराव्यातून निष्कर्ष खरोखर निघतो की नाही हे आपले आपल्याला पडताळता येते. ‘चालकाची चूक’ या शब्दांपाशी थांबू नये. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला, तेव्हा मंडळाने कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हे संभाव्य कारण मानले. मात्र बर्फ साचण्याच्या स्थितीत विमानाचा वेग कसा निवडावा, याविषयीची कंपनीची अपुरी कार्यपद्धतीही त्यात हातभार लावणारी म्हणून नोंदवली.

मंडळाची बैठक खुली असते आणि तीन सदस्यांनी गणपूर्ती होते, म्हणून तिघांनी एकत्र येऊन खासगीत प्रकरणाची चर्चा करू नये. शंका असेल तर ती बैठकीतच तपासनिसांना विचारावी आणि मत पटत नसेल तर आपले वेगळे निवेदन लेखी जोडावे.

अहवाल मंजूर झाला म्हणजे काम संपत नाही. लाल सिग्नल ओलांडणाऱ्या गाडीला आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेचा आग्रह मंडळाने १९६९ च्या कनेक्टिकटमधील डेरियन येथील रेल्वे अपघातानंतर धरला होता. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थला रेल्वे अपघातात २५ जण दगावल्यावर तसा कायदा झाला, त्याची मुदत वाढत गेली आणि ती यंत्रणा सर्व आवश्यक मार्गांवर २०२० च्या अखेरीस कार्यान्वित झाली. म्हणून पदभार घेताच प्रलंबित शिफारशींची यादी मागवावी, सर्वांत जुनी शिफारस आधी वाचावी आणि ती कोणत्या कार्यालयात, कोणत्या कारणाने अडली आहे हे स्वतः विचारावे.