गोळ्यांमुळे तोंड कोरडं पडत असेल तर काय करावं

ज्वारीच्या भाकरीचा घास तोंडात नुसता घोळतो, गिळवत नाही. रात्री दोनदा उठून तांब्यातलं पाणी प्यावं लागतं, बोलताना जीभ टाळूला चिकटते. नवी गोळी सुरू झाल्यावर हे चालू झालं असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. निरोगी तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. लाळग्रंथींना तसा निरोप ॲसिटिलकोलीन हे रसायन पोचवतं आणि अनेक औषधं तो निरोपच अडवतात.

पहिलं काम यादीचं. घरातल्या सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या एका पिशवीत घाला. बीपीची, लघवीची, झोपेची गोळी, इनहेलर, दुकानातून आपणच आणलेलं सर्दीचं औषधसुद्धा. दुकानदार पट्टी कापून देतो, म्हणून नाव छापलेला तुकडा शेवटपर्यंत जपून ठेवा. प्रत्येक औषधापुढे ते कधी सुरू झालं ते लिहा, आणि तोंड कधीपासून कोरडं पडतंय तेही. नसांच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं अमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिन, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, बीपीचं क्लोनिडिन, पाणी काढणारं फ्युरोसेमाइड ही नावं दिसली तर त्याखाली रेघ ओढा. अशी दोन-तीन एकत्र आली की त्रास वाढतो. पुष्कळदा त्यातली सर्दीची गोळी आता नकोच असते.

पण डॉक्टरांनी दिलेली गोळी मनानं बंद करू नका. क्लोनिडिन एकदम सोडलं तर बीपी उसळतं. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: डोस कमी होईल का, दुसरं औषध चालेल का, वेळ बदलता येईल का. झोपेत लाळ आधीच जवळपास थांबते, त्यामुळे वेळेचा प्रश्न महत्त्वाचा. दवाखान्यात कन्नडच चालत असेल तर 'बायी ओणगुत्तदे' (तोंड सुकतंय) एवढं म्हटलं तरी कळतं. रक्तातली साखरही तपासून घ्या, कारण वाढलेल्या साखरेनंही तोंड सुकतं.

घरी पाणी घोट-घोट प्या, एकदम तांब्याभर नको. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात पाण्याचं माप ठरलेलं असेल तर हे घोट त्याच मापात धरा. जेवणानंतर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ती गोडी) असलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम दहा-पंधरा मिनिटं चघळलं की उरलेली लाळ सुटते.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. तोंड ओलं राहावं म्हणून माणसं खडीसाखर, लिंबाची गोळी चघळतात, गोड चहाचे घोट दिवसभर घेतात. पीएच हे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला की दातांचं कवच विरघळू लागतं. एरवी लाळ आम्लता मोडते. इथे लाळच नाही. मग काही महिन्यांतच हिरडीलगत, दाताच्या मानेशी तपकिरी कीड धरते. कुंदा किंवा करदंटासारखं गोड खायचंच तर जेवणाबरोबर खा, अधूनमधून नाही, आणि लगेच चूळ भरा.

चुळीसाठी एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घाला. बेकिंग पावडर नको, ती वेगळी. चूळ थुंकून टाका, आणि रोज ताजं पाणी करा. अल्कोहोलचं माउथवॉश तोंड आणखी सुकवतं. पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइड १००० पीपीएम लिहिलंय का बघा; पुष्कळ हर्बल पेस्टमध्ये फ्लोराइडच नसतं. रात्री ब्रश झाल्यावर फेस थुंका, पण पाण्यानं चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. निपाणीकडे तंबाखूची मशेरी घरोघरची. कोरड्या तोंडाला ती फार जाचते, ती सोडाच.

भाकरी आमटीत किंवा ताकात कुस्करून खा. तिखट-खारट कोरडी चटणी काही दिवस बाजूला ठेवा.

गोळी घेतानाही सांभाळा. हाडांसाठीची अलेंड्रोनेट कोरड्या घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम होते. ती पेलाभर साध्या पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्यानं घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी कोरड्या तोंडात नीट विरघळत नाही, म्हणून आधी एक घोट पाण्यानं जीभ ओली करा.

कवळी घासत असेल, पुसून निघणारा पांढरा थर आणि खाली लाल आग दिसत असेल, तर ती बुरशी. दातांच्या डॉक्टरांकडे जा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा न पुसणारा पांढरा डाग असेल तर ताबडतोब, तंबाखू खाणाऱ्यानं तर नक्कीच. आणि जेवताना जबड्याखाली सूज येऊन ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.