मुलींच्या युवा फुटबॉल संघाची कामगिरी कोष्टकात कशी मांडायची

भारताचा १७ वर्षांखालील मुलींचा संघ २०२२च्या विश्वचषकात तीन सामने खेळला आणि तिन्ही हरला. आपला एकही गोल झाला नाही, आपल्यावर १६ झाले. याच वयोगटाच्या संघाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बिश्केकला किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान या दोघांना २-१ असं हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही नोंदी एकाच बेरजेत घातल्या तर पाच सामने, ४ गोल केले, १८ झाले, एवढंच हाती येतं आणि त्यावरून संघाविषयी काहीही कळत नाही. म्हणून मुख्य स्पर्धा आणि पात्रता फेरी यांची कोष्टकं सुरुवातीपासूनच वेगळी ठेवा. त्यांची बेरीज करूच नका.

प्रत्येक कोष्टकात रकाने असे घ्या: वर्ष, यजमान, कुठवर मजल, सामने, विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल, झालेले गोल. त्यात ‘प्रवेश कसा मिळाला’ हा एक रकाना जरूर वाढवा. २०२२ला भारत यजमान म्हणून खेळला, पात्रता फेरीतून आलेला नव्हता. अमेरिका आणि ब्राझील गटात असलेल्या संघाचे ते तीन निकाल वाचताना ही माहिती शेजारीच हवी. २०२०चा विश्वचषकही भारतातच व्हायचा होता, पण कोविडमुळे रद्द झाला. त्या ओळीत ‘रद्द’ असंच लिहा. तिथे ‘अपात्र’ लिहिणं म्हणजे न खेळलेल्या स्पर्धेचं अपयश मुलींच्या माथी मारणं.

वयोगटाच्या नावांनी सगळ्यात जास्त घोळ होतो. २०१९ला आशियाई स्पर्धा १६ आणि १९ वर्षांखालील अशा होत्या. २०२४ला त्याच स्पर्धा १७ आणि २० वर्षांखालील नावाने झाल्या. स्पर्धेची परंपरा एकच असल्याने कोष्टक एक चालेल, पण त्या वर्षीचा वयोगट ओळीत लिहा. दक्षिण आशियाई म्हणजे सॅफच्या स्पर्धांचा वयोगट मात्र वारंवार बदलतो, त्यामुळे तिथे प्रत्येक वयोगटाला स्वतंत्र कोष्टक द्या.

शूटआउटचा नियम पक्का ठेवा: पेनल्टीवर निकाल लागलेला सामना बरोबरीत धरायचा आणि पेनल्टीचे गोल मोजायचे नाहीत. सॅफच्या १९ वर्षांखालील स्पर्धेचा ढाक्यातला अंतिम सामना, ८ फेब्रुवारी २०२४, या नियमाची खरी कसोटी पाहतो. भारत आणि बांगलादेश १-१, मग शूटआउटमध्ये ११-११. त्यानंतर नाणेफेक झाली, भारत विजेता ठरला, बांगलादेशने हरकत घेतली आणि शेवटी दोघांनाही संयुक्त विजेतेपद देण्यात आलं. हे नोंदवताना बरोबरीच्या रकान्यात १, केलेला गोल १, झालेला गोल १, आणि ‘कुठवर मजल’मध्ये ‘संयुक्त विजेते’. नाणेफेक तळटीपेत जाईल. त्या रात्रीच्या पहिल्या बातम्यांवरून कोष्टक भरलं असतं तर ‘विजेते’ लिहिलं गेलं असतं. म्हणून निकाल आयोजकांच्या अंतिम सामना अहवालावरूनच घ्या.

भरून झालं की पडताळा करा. विजय, बरोबरी आणि पराभव यांची बेरीज सामन्यांएवढी यायलाच हवी. पण एवढ्याने गोलांची चूक सापडत नाही. त्यासाठी पूर्ण गट तपासा: गटातल्या सर्व संघांनी केलेले गोल आणि सर्वांवर झालेले गोल समान असतात. २०२२च्या आपल्या गटात अमेरिका १३, ब्राझील ७, मोरोक्को ३, भारत ०, म्हणजे २३. झालेले गोल १, १, ५ आणि १६, पुन्हा २३. बेरीज जुळली नाही तर बहुतेक वेळा स्वयंगोल चुकीच्या संघाच्या खात्यात गेलेला असतो किंवा एखादा निकाल उलटा लिहिलेला असतो.

खेळाडूंचे सामने आणि गोल वयोगटानुसार वेगळे ठेवा, वरिष्ठ संघाच्या आकड्यांत ते मिसळत नाहीत.

ऑगस्ट २०२५ची यांगूनमधली २० वर्षांखालील पात्रता फेरी नमुना म्हणून भरून पाहा. इंडोनेशियाशी ०-०, तुर्कमेनिस्तानवर ७-०, म्यानमारवर १-०. ओळ अशी येते: सामने ३, विजय २, बरोबरी १, पराभव ०, गोल ८-०, आशियाई चषकासाठी पात्र. आपल्यावर एकही गोल न होता वीस वर्षांनी मिळालेली ही जागा थायलंडमधल्या मुख्य स्पर्धेच्या ओळीत बुडू नये, पात्रतेच्या कोष्टकात ती स्वतःच्या आकड्यांनिशी उभी राहायला हवी.