वेळ पुरत नाही? आधी एक दिवस रेघा मारा

पहिल्या नोकरीत दीड वर्ष माझी पक्की समजूत होती की मीच संथ आहे. बाकीचे सहाला लॅपटॉप मिटायचे, माझं स्वतःचं काम सहाला सुरू व्हायचं. उपाय सगळे करून झाले: पहाटे उठणं, नवी डायरी, २५ मिनिटांचा टायमर. टायमर मी पाळायचे हो, खांद्यावर टकटक करणारे पाळत नव्हते.

फसले कुठे ते सविस्तर सांगते, कारण नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. मी प्रत्येक मेसेजला मिनिटाच्या आत उत्तर द्यायचे. महिन्याभरात ‘तिला विचार, ती लगेच सांगते’ अशी ख्याती झाली आणि टीममधला जो अडेल तो माझ्याकडे यायला लागला. ‘दोनच मिनिटं गं.’ खरंच दोनच असायची. पण बगच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीच्या, मागावर तीन फाइली डोक्यात धरून बसलेलं असताना ती दोन मिनिटं सगळं सांडून जायची. मग लॉगची, म्हणजे प्रोग्रामने काय केलं त्या नोंदींची, तीच ओळ चौथ्यांदा वाचायची.

एका मंगळवारी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक व्यत्ययाला एक रेघ मारत गेले. दहा ते एक, १७ रेघा. सलग मिळालेला सर्वांत मोठा तुकडा १९ मिनिटांचा. ते पान बघून रडू आलं, आणि हायसंही वाटलं.

पुढच्या नोकरीत तास तेवढेच, काम उलट जास्त. पण शंकांसाठी दुपारचा एक तास ठरलेला, आणि आधी काय हातात घ्यायचं ते मी ठरवायचे. दिवस ऐसपैस वाटायला लागला. कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं: कामाचा रेटा मोठा आणि निर्णय आपल्या हातात नाही, ही जोडी जमली की माणूस पिचतो.

‘लवकर उठा’ सांगणाऱ्या मेंटॉरना बहुधा दार असलेली केबिन असते, एवढं लक्षात ठेवा.

एकट्याने मात्र हे निभत नाही. कामाच्या वेळेवर संशोधन करणाऱ्या लेस्ली पर्लो यांच्या १९९९ च्या अभ्यासात एका सॉफ्टवेअर टीमने ठरावीक वेळ कुणी कुणाला हटकायचं नाही असं करून पाहिलं. फायदा झाला, तरी अभ्यास संपल्यावर टीम जुन्या वळणावर गेली. म्हणून मॅनेजरकडे ‘वेळ पुरत नाही’ म्हणत जाऊ नका, टाइम मॅनेजमेंटचा कोर्स गळ्यात पडेल. रेघांचं पान घेऊन जा आणि सकाळचे दोन तास मागा, सगळ्या टीमसाठी. पान बघूनही ‘इथे असंच असतं’ ऐकू आलं तर बायोडेटा अपडेट करायला घ्या.

नोकरीच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र पान घेऊन जाऊ नका. तेव्हा ‘दोनच मिनिटं’ म्हणत आपणच फिरत असतो. मीही फिरले. आता प्रश्न लिहून ठेवते, तीन साठले की उठते. बरेचदा तिसरा लिहीपर्यंत पहिला सुटलेला असतो.